आमची वाटचाल : डिचोलीचे गॅरेज ते जुन्या गाड्यांची विक्री

गोव्यात जुनी गाडी घेताना मीटरचा आकडा दुसऱ्या नंबरला ठेवावा. आधी विचारायचे ते हे, की गाडी इतकी वर्षे उभी कुठे असायची. कळंगुटला समुद्राजवळ उघड्यावर ठेवलेली ४० हजार किलोमीटरची गाडी आणि फोंड्याला पोर्चमध्ये राहिलेली ९० हजारांची गाडी एकाच दिवशी समोर आली, तर आम्ही फोंड्याची उचलतो. आमचा धंदा याच हिशेबावर वाढला, म्हणून वाटचालही त्याच अंगाने सांगतो.

सुरुवात फक्त दुरुस्तीची. डिचोलीत गॅरेज घातले तेव्हा बरेचसे काम खाणपट्ट्यातल्या जीप आणि छोट्या गाड्यांचे होते. टिपर (खनिज वाहणारे ट्रक) आम्ही कधी हाती घेतले नाहीत, पण टिपरच्या मागून रोज जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या एअर फिल्टरमध्ये ती लाल भुकटी सापडायचीच. फिल्टर वेळेवर बदलला नाही की भुकटी आत जाते, पिस्टन रिंग घासतात आणि गाडी ऑइल खाऊ लागते. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दोन्ही वेळा हप्त्यावर घेतलेल्या गाड्या घाईने विकायला निघाल्या. घेणारे लोक गाडी आमच्या दारात आणून म्हणायचे, "जरा बघून सांगा, घेण्यासारखी आहे का?" तपासणीचे पैसे घ्यायला आम्ही तिथून लागलो. विक्री त्याच्याही नंतरची.

तपासणीत सगळ्यात जास्त वेळ गंजावर जातो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून आपोआप विरघळते, आणि किनारपट्टीला बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पावसाचा थेंब नसतानाही पत्र्यावरचा खारा थर रात्री ओला, दिवसा सुका, पुन्हा रात्री ओला. चाकाच्या कमानीत लाल माती घट्ट बसली असेल तर ती ही ओल धरून ठेवते. दिवाडी, चोडणकडच्या रोज फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. भरतीच्या वेळी धक्क्यावर चाके खाऱ्या पाण्यातून जातात, त्यामुळे मागचे ब्रेक ड्रम, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सरचा शेवटचा डबा आधी जातो.

गाडी लिफ्टवर घेतली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड (दारांखालची पत्र्याची पोकळ पट्टी) या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जायचे. चांगला पत्रा टणक वाजतो, आतून सडलेला भद्द वाजतो. जिथे लांबी (पुटी) भरली आहे तिथे आवाजच येत नाही, चुंबकही धरत नाही. वरच्या पत्र्याला मायक्रॉन मीटर (रंगाची जाडी मोजणारे यंत्र) लावतो. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो, दुसऱ्यांदा मारलेला २०० ते ३०० भरतो, आणि ५००च्या वर आकडा गेला की खाली लांबी आहे असे धरून चालायचे. मग नेमक्या जागा: मागच्या जॅक पॉइंटजवळचा रनिंग बोर्ड, सबफ्रेमचे (इंजिन आणि चाकांचे आर्म धरणाऱ्या खालच्या चौकटीचे) वेल्डिंगचे जोड, लोअर आर्म जिथे बसतो ती जागा, शॉकअपचा खालचा कप, मागच्या ब्रेक पाइपचे क्लिप, पेट्रोल भरायच्या नळीचे वरचे टोक आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा.

बोनेटच्या कडेला किंवा दाराच्या तळाशी गंज दिसला की गिऱ्हाईक घाबरते. तो टिंकरकडून (पत्र्याचे काम करणाऱ्याकडून) काढून घेता येतो, त्यावरून भाव पाडावा आणि गाडी घ्यावी. सबफ्रेमचा पत्रा बोटाने दाबून पापुद्रे सुटत असतील तर मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी ती गाडी आम्ही घेत नाही आणि दुसऱ्यालाही घेऊ देत नाही. खालून नुकतेच काळेकुळकुळीत कोटिंग मारलेली गाडी विकायला आली की आमचा संशय वाढतो. दहा वर्षे जुन्या गाडीचे पोट तितके देखणे नसते.

कोटिंगबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोव्यात सर्वांत जास्त पैसा याच कामात वाया जातो. गंजावरून थेट डांबरी कोटिंग मारले तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा आतल्या आत सडत राहतो. वरून सगळे झाकलेले, म्हणून कळते ते भोक पडल्यावर. आम्ही हे काम एप्रिल-मेमध्येच घेतो. आधी प्रेशरने गोडे पाणी, चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे लायनर काढून. मग दोन दिवस पूर्ण सुकवणे. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात, कारण दोन दिवस लिफ्ट किंवा जागा अडते. त्यानंतर वायर ब्रशने सुटा गंज काढायचा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर लावून तो काळा पडेपर्यंत थांबायचे, मग इपॉक्सी प्रायमर, आणि प्रायमर सुकल्यावर रबरी कोटिंगचे दोन पातळ हात. सायलेन्सर, ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट आणि रबरी बुश झाकून ठेवायचे. रनिंग बोर्डाची आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोके बुजता कामा नयेत. ती बुजली तर कोटिंग न केलेले बरे. रनिंग बोर्डाच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारतो. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरच्या काळ्या थरापेक्षा या मेणाचा उपयोग जास्त, पण ते दिसत नाही म्हणून लोक पैसे द्यायला कुरकुरतात.

'कमी चाललेली गाडी' हे आमच्या भागातले दुसरे मोठे आकर्षण. तारवटी (जहाजावर काम करणारे) किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या वर्षातले कितीतरी महिने कव्हर घालून उभ्या असतात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट मिळून ३० मिलिअँपिअर वीज जात राहते. दिवसाला पाऊण अँपिअर-अवर धरले तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्यावर येते, आणि तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरून कायमची जाते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवल्याने ब्रेक शू ड्रमला चिकटतात. एसी महिनोन्महिने न चालवल्याने कंप्रेसरचे सील कोरडे पडून गॅस जातो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते, टाकी अर्धी रिकामी असेल तर जास्तच. वायरिंगला उंदीर लागतात ते वेगळेच. अशी गाडी विकायला आली की टायरवरचे चार आकडे वाचतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोटे (टायरची नक्षी) शाबूत असले तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर आम्ही किमतीतून वजा करतो.

गाडी ठेवून परदेशी जाणाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे: बॅटरीचा निगेटिव्ह काढा, टाकी भरा, हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. घरातल्या कुणी महिन्यातून दोनदा अर्धा तास चालवली तर यातले काहीच करायला नको.

आंबा, फणस किंवा काजूखाली उभी राहणारी गाडी असेल तर वायपरखालची जाळी उचलून बघायलाच हवी. तिथून पाणी खाली जायला दोन बाजूंना भोके असतात. पाने कुजून तिथे गोळा बसला की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबते आणि ब्लोअरच्या वाटेने थेट आत, डाव्या सीटसमोरच्या मॅटखाली उतरते. ब्लोअरची मोटर आणि रेझिस्टर जळतो, काही मॉडेलांत फ्यूजबॉक्सही ओला होतो. गिऱ्हाईक काचेचे रबर बदलून येते, तरी पाणी थांबत नाही. काम पाच मिनिटांचे आहे, मूठभर पाने काढायची आणि मग बाटलीभर पाणी ओतून ते चाकाच्या मागून खाली पडते का पाहायचे.

रेंट-अ-कॅबच्या गाड्या, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, काही वर्षांनी खासगीत बदलून बाजारात येतात. पाटी पांढरी झाली तरी आरसीच्या आणि जुन्या विम्याच्या नोंदींत इतिहास राहतो. पुढचा सीट सरकवून बघा, रुळांत वाळू मिळते. क्लच जळालेला असतो, कारण पर्यटक चढावावर हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरतात. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेली रिंग) कुरकुरतो. इंजिन मात्र बऱ्याचदा चांगले निघते, ऑइल वेळेवर बदललेले असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलायचा खर्च वजा करून मिळत असेल तर ही वाईट खरेदी नाही. समुद्राच्या वाळूत उतरवलेली असेल तर चारही व्हील बेअरिंग ऐकून घ्यावीत.

बाहेरच्या गाड्यांचे दोन प्रकार. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या गाड्या दक्षिणेकडे स्वस्तात येतात. पत्रा कोरडा आणि छान असतो, पण त्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत पत्र) हातात आल्याशिवाय आणि इथला रोड टॅक्स किती बसेल हे विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. दुसरा प्रकार पुरातला. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली, फोंड्याच्या नदीकाठांवर पाणी शिरले, सांगली-कोल्हापुरातही २०१९ आणि २०२१ ला पूर आला. बुडालेली गाडी धुऊनपुसून अत्तर मारून येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या बोल्टवर गंज, सॉकेटमध्ये हिरवट थर आणि कार्पेटखालचा ओला फोम ही बाकीची लक्षणे.

इंजिनाची तपासणी सगळीकडे सारखीच, म्हणून थोडक्यात. गाडी थंड असतानाच सुरू करायची. आधीच गरम करून आणली असेल तर दुसऱ्या दिवशी बोलावतो. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसलेले आहेत का पाहतो. कोड नाहीत पण मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या) अपूर्ण दाखवत असतील तर नुकतेच कुणीतरी पुसले आहेत. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. कूलंट तपकिरी असेल तर साधे पाणी घालून चालवलेली आहे. जुन्या ८०० सीसी आल्टोला टायमिंग बेल्ट आहे, के-१० ला चेन. बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल तर बदललेला नाही असेच समजायचे.

विक्री सुरू केल्यावर कागदांचे काम वाढले. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र (त्याची मुदत साधारण तीन महिने, म्हणून ते आधी काढून ठेवू नये), मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांची संमती. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचे. मधल्या काळात अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरची पद्धत आली, तिने हा घोळ बराच मिटवला. गाडी आमच्या ताब्यात येताच फॉर्म २९सी भरला की जबाबदारी आमच्याकडे येते आणि विकणारा मोकळा होतो. त्याने फास्टॅग बंद करावा आणि विम्याचा नो क्लेम बोनस स्वतःकडे काढून घ्यावा. बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही.

जीएसटीवरून गिऱ्हाइकांशी वाद होतात म्हणून तेही लिहितो. कर पूर्ण किमतीवर नसतो, आमच्या खरेदी-विक्रीच्या फरकावर असतो. तीन लाखांना घेतलेली गाडी तीन चाळीसला विकली तर ४० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये. दुरुस्तीला लावलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. छोट्या गाड्यांना पूर्वी १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून सगळ्यांना १८ झाला. तेव्हापासून फार दुरुस्तीची गाडी आम्ही विकत घेत नाही, मालकाच्याच नावावर दुरुस्त करून देतो.

सर्वाधिक विक्री चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात होते, आणि गाडी बघायला हाच सगळ्यात वाईट काळ. ओल्या पत्र्यावर रंगाचे डाग दिसत नाहीत, पावसाच्या आवाजात बेअरिंग ऐकू येत नाही. त्या दिवसांत घेतलेल्या गाड्या आम्ही ऑक्टोबरमध्ये पुन्हा लिफ्टवर बोलावतो. खालून धुणे, ब्रेक ड्रम उघडून साफ करणे आणि ब्रेक ऑइलमधले पाणी मोजणे एवढे काम फुकट. ऑइलमध्ये तीन टक्क्यांवर पाणी दाखवले तर ऑइलचे पैसे गिऱ्हाइकाचे.

बॅटरीवरच्या जुन्या गाड्या आता येऊ लागल्या आहेत. त्या आम्ही अजून विकत नाही, फक्त तपासतो: नारिंगी केबलचे कनेक्टर, पोटाखालच्या बॅटरीच्या डब्याचे बोल्ट, चार्जिंगच्या तोंडातला हिरवट थर. बॅटरीत किती दम उरला आहे याचा अहवाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून, विकणाऱ्याच्या खर्चाने आणि गिऱ्हाइकासमोर काढायला लावतो.