तुम्ही विचारलंत म्हणून: परातीवर कॅमेरा टांगलाय कशाच्या आधाराने?

आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पुरणपोळीचा व्हिडिओ पाहिला की निम्मे लोक पुरणाबद्दल विचारतात आणि निम्मे कॅमेऱ्याबद्दल. छताला भोक पाडलंत का? भोक कसलं पाडते! भाड्याचं घर, घरमालक कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाहीत.

सुरुवात केली ती सातशे रुपयांच्या 'मॅजिक आर्म'पासून. एका टोकाला क्लॅम्प (आवळून बसवायचा चिमटा), मग ११ इंची दुमडता हात, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याचा स्क्रू. मधोमध एकच नॉब. तो आवळला की आतली दांडी दोन्ही टोकांच्या सांध्यांतल्या गोळ्यांना दाबते, आणि कोपरासकट सगळं एकदम जखडतं. कल्पना झकास. भांड्यांच्या मांडणीला क्लॅम्प लावला, हात परातीवर आडवा काढला, लेन्ससह ६०० ग्रॅमचा कॅमेरा अडकवला. हलवून पाहिलं, घट्ट.

रात्री चित्रण बघितलं तर वीस मिनिटांत परात सावकाश सरकत फ्रेमबाहेर निघालेली. शेवटच्या पोळीला नुसत्या आईंच्या बांगड्या दिसत होत्या. परात जागेवरच होती, हात ओणवला होता. वजन तेच, पण टेकूपासून १० सेंटिमीटरवर टांगण्याऐवजी २८ सेंटिमीटरवर टांगलं की सांध्यावरचा पीळ जवळजवळ तिप्पट होतो. त्यात नव्या हाताच्या गोळ्यांवर तेलाचा पुसट थर होता. तो स्पिरिटने पुसल्यावर पकड सुधारली, तरी कॅमेरा मी त्याच्या भरवशावर पुन्हा सोडला नाही. आता त्याच्यावर माइक आणि छोटा एलईडी दिवा असतो. तेवढ्याला तो उत्तम.

स्वस्त क्लॅम्पने मात्र एकदाही दगा दिला नाही. पैसे मोजकेच असतील तर क्लॅम्प जास्त घ्या, हात एखादाच. बाजारातले बरेचसे क्लॅम्प मॅनफ्रोटो या इटालियन कंपनीच्या सुपर क्लॅम्पच्या धर्तीवर बनतात. मूळ क्लॅम्पच्या जबड्यात १३ ते ५५ मिलिमीटर जाडीची वस्तू बसते, आणि तो १५ किलो पेलतो. नकलेकडून १५ किलोची अपेक्षा मी ठेवत नाही. मला एक किलोही पेलायचा नसतो.

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एका भिंतीला मांडणी आणि दुसऱ्या भिंतीला खिडकीचं ग्रील. या दोघांमध्ये पडद्याचा एक इंची स्टीलचा रॉड तिरका टाकला. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प पाठीला पाठ लावून जोडले, एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने मांडणी किंवा ग्रील. ग्रीलची सळई १० मिलिमीटरचीच, म्हणून तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पाचवा क्लॅम्प रॉडच्या मधोमध, त्याला बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा गोल सांधा) आणि खाली कॅमेरा. दोन्हीकडून टेकू मिळाल्यावर ओणवायला काही उरत नाही.

क्लॅम्प जोडायला बिनडोक्याचा बोल्ट लागतो, आणि तिथे बघा हं. दुकानदाराने मला ६ मिलिमीटरचा दिला. दिसायला अगदी तसाच, पण कॅमेऱ्याच्या सामानाचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर अंतर. सहाच्या बोल्टला ते एकच मिलिमीटर. दोन फेरे आत जातो आणि अडतो. मी पान्याने जोर लावला आणि एका क्लॅम्पचे आटे घालवले. कॅमेऱ्याच्या बुडाशी हा प्रयोग केला नाही, एवढंच नशीब. क्लॅम्पच घेऊन दुकानात जा आणि बोल्ट तिथेच हाताने फिरवून बघा.

शेवटची वस्तू फुकटची: परकराची नाडी. कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून घालून ती रॉडला बांधायची, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी कॅमेरा कढईत पडत नाही. सुचवली आईंनीच. तेल तापत ठेवण्याआधी त्या अजूनही वर बघून विचारतात, "नाडी बांधलीस का गं?"