व्हॅलेंटाइनची दुरुस्ती: तिसरा आठवडा

माझ्या व्हॅलेंटाइनच्या, म्हणजे ऑलिवेत्ती या इटालियन कंपनीच्या लाल टाइपरायटरच्या, ‘ए’ची कळ अखेर सुटली! तीन आठवडे अक्षर कागदावर उठायचं आणि दांडी तिथेच अडकून राहायची. मला संशय स्प्रिंगचा होता, निघालं जुनं तेल. टाइपबार, म्हणजे अक्षरांच्या दांड्या, ज्या खाचांत हलतात, तिथे ते सुकून डिंकासारखं झालं होतं. लाल कवच उतरवून ठेवलं, व्हाइट स्पिरिट आणि टूथब्रशने एकेक खाच घासली. कवच एबीएस प्लास्टिकचं आहे. त्याला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, अ‍ॅसिटोनने ते विरघळतं.

कवच निघालं की आत जवळपास लेटेरा ३२ या ऑलिवेत्तीच्याच आधीच्या टाइपरायटरची यंत्रणा. मग १९६९मध्ये डिझायनर एत्तोरे सोत्सास यांनी, सहकारी पेरी किंगना सोबत घेऊन, नवं केलं काय? उत्तर मागच्या बाजूला आहे. मशीनची पाठ म्हणजेच पेटीचं झाकण, आणि मूठही त्या पाठीलाच. पेटी नुसती वर सरकवायची, दोन रबरी पट्ट्या अडकवायच्या, उचलून चालू लागायचं. रिबनच्या चकत्यांवरच्या त्या दोन नारिंगी टोप्या तर मी पुसता पुसता किती वेळ बघत बसलो.

सोत्सास मुळात वास्तुविशारद, इटलीतल्या तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधून १९३९मध्ये पदवी घेतलेला. ते जाणवतं. ऑलिवेत्तीच्याच एलेआ ९००३ या संगणकाची कपाटं त्यांनी मुद्दाम बुटकी ठेवली, काम करणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. त्या संगणकाला १९५९चा कोंपासो दोरो हा इटलीचा डिझाइन पुरस्कार मिळाला. यंत्राआधी त्याच्याभोवतीचा माणूस बघायचा, ही सवय मला व्हॅलेंटाइनमध्येही दिसते. १९६१मध्ये ते भारतात फिरले, परतल्यावर मूत्रपिंडाच्या आजाराने मरता मरता वाचले. त्यानंतरची त्यांची काळोखी सिरॅमिक्स मला १९८१च्या, त्यांच्या मेम्फिस या डिझायनरांच्या गटाच्या रंगीबेरंगी फर्निचरपेक्षा जास्त जवळची वाटतात.

व्हॅलेंटाइन स्वस्त व्हावी म्हणून त्यांना फक्त मोठी (कॅपिटल) अक्षरं हवी होती, ओळ संपताना वाजणारी घंटीही नको होती. कंपनीने ऐकलं नाही. काल रात्री कॅरेज डावीकडे सरकत गेली आणि ती घंटी पहिल्यांदा खणखणीत वाजली. सोत्सास यांच्याबद्दल एवढा आदर असूनही, ती राहिली याचा मला आनंद झाला.

बाकी काम: डाव्या रबरी पट्टीला चीर आहे, रोलर कडक झालाय. पट्टी सायकलच्या ट्यूबमधून कापून बघणार आहे. कुणी केली असेल तर जाडी किती घेतली ते सांगा.