भिंतीवरचे काळपट डाग

वृद्धांच्या घरी जाऊन ते कुठे आणि कशामुळे पडू शकतात हे शोधणे हा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तरीही साताऱ्यातील एका जुन्या घरात जे मला पहिल्याच भेटीत दिसायला हवे होते, ते दुसऱ्या भेटीत, तेही पहाटेच्या अंधारात दिसले.

आजींचे वय ७८. दोन महिन्यांत त्या दोनदा पडल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. त्या बाथरूमला जाताना पडतात असे घरातील सगळेच सांगत असल्यामुळे मुलाने मला थेट न्हाणीघरात नेले. तिथे करण्यासारखे पुष्कळ होते: कायम ओली राहणारी शहाबादी फरशी, कमोडशेजारी आधाराचा अभाव आणि भिंतीला रबरी चकतीने चिकटवलेली प्लॅस्टिकची मूठ, जी अंगाचा भार पडताच निसटते. मी भिंतीत पक्के बसवायचे स्टीलचे बार सुचवले आणि ते आठवड्याभरात बसलेही. त्यानंतर बाराव्या दिवशी आजी पुन्हा पडल्या. खुब्याचे हाड वाचले, एवढेच सुदैव.

‘बाथरूमला जाताना’ यातला ‘जाताना’ हा शब्द मी ऐकलाच नव्हता. म्हणून घरच्यांच्या संमतीने मी पहाटे साडेचारला, आजी रोज उठतात त्या वेळी, त्यांच्या खोलीत हजर राहिले. आधी झोपलेल्या स्थितीत रक्तदाब मोजला. वरचा आकडा १४६ होता, उभे राहिल्यावर एका मिनिटात तो १२० वर आला. उभे राहताच हा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला, तर त्याची दखल घ्यावीच लागते. अंधारी येते का, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, “अहो बाई, ती येतेच. वय झालं आता.” हे उत्तर मी फार घरांत ऐकते आणि दर वेळी अस्वस्थ होते. पडल्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

अंधारी ओसरेपर्यंत आजींना बसवले, त्यांच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधला आणि नेहमीप्रमाणे चालायला सांगितले. त्यांनी दिवा लावला नाही. नातवाची बारावी होती, तो रात्री उशिरापर्यंत अभ्यास करून बाहेरच्या खोलीत झोपत असे आणि उजेडाने दचकून उठत असे. उजवा तळहात भिंतीवरून सरकवत त्या बोळातून निघाल्या. मी टॉर्चचा झोत खाली धरला होता. तो भिंतीवर पडला तेव्हा तेलकट, काळपट डागांचा एक पट्टा दिसला. आजींचा हात बरोबर त्याच पट्ट्यावरून चालला होता. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःसाठी कठडा तयार केला होता आणि कोणाला तो कठडा म्हणून दिसला नव्हता.

डागांचा पट्टा एका लोखंडी कपाटापाशी तुटला. तीन महिन्यांपूर्वी ते कपाट तिथे आणून ठेवले होते. आजींनी चाचपडत त्याची मूठ धरली, नीट न लागलेले दार त्यांच्याच अंगावर उघडले आणि त्यांचा तोल मागे गेला. कमरेचा पट्टा माझ्या हातात होता म्हणून मी त्यांना सावरू शकले.

मुलगा मागे उभा राहून हे पाहत होता. “मॅडम, ते डाग दिसू नयेत म्हणून आम्ही रंगारी सांगून ठेवलाय,” एवढेच तो म्हणाला.

कपाट त्याच सकाळी हलवले. पायाच्या घोट्याइतक्या उंचीवर, माणूस आला की मंद लागणारे दिवे लावले. नातवाच्या डोळ्यांवर त्यांचा उजेड येत नव्हता. उठल्यावर पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसून पावले वर-खाली हलवायची सवय आजींना लावली आणि रक्तदाबाच्या नोंदी पाहून त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली.

संध्याकाळी सुतार आला. बोटे मागे सहज जातील पण कोपर अडकणार नाही, एवढे अंतर सोडून गोल लाकडी कठडा बसवायचा होता. जमिनीपासून किती उंचीवर, असे त्याने विचारले. पुस्तकात दिलेली मापे मला पाठ आहेत. पण आजी ठेंगण्या आहेत, म्हणून मी टेपने डागांची उंची मोजली. ती ७८ सेंटिमीटर भरली. सुताराने त्याच डागांवरून पेन्सिलची रेघ ओढली.