तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिप्स एवढा भारी, तर कार्लटन कुठे?

मेलबर्नमध्ये राहतो आणि फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बघतो म्हटलं की पाहुणे आधी नियम विचारतात. सहा गुणांचा गोल, एक गुणाचा बिहाइंड, एका बाजूला अठरा जण, एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या त्या क्रिप्सला दोनदा ब्राउनलो मिळालं म्हणता, मग तुमची टीम जिंकत का नाही?" (ब्राउनलो म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक.) मावसभावाने तर सरळ टोलाच हाणला: "म्हणजे स्वतःपुरताच मोठा खेळाडू की रे!"

प्रश्न खोचक असला तरी चुकीचा नाही, हे आधीच कबूल. पॅट्रिक क्रिप्स कार्लटनचा, म्हणजे माझ्या मेलबर्नच्या क्लबचा, कप्तान. 2022 मध्ये त्याला 29 मतं पडली आणि ब्रिस्बेनच्या लॅची नीलच्या पुढे एका मताने जाऊन त्याने ब्राउनलो जिंकलं. (तेही थोडक्यात वाचलं. ऑगस्टमध्ये त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली होती. अपिलात ती उठली नसती तर तो पदकालाच अपात्र ठरला असता.) 2024 ची गोष्ट आणखी पुढची. दोन पंच वेगवेगळी मतं द्यायचे ती 1976-77 ची दोन वर्षं सोडली तर तोवर विक्रम 36 मतांचा होता, डस्टिन मार्टिन आणि ऑली वाइन्स या दोघांच्या नावावर. क्रिप्सने 45 घेतली. एका सामन्यात तीन, दोन, एक अशी मतं तिघांना मिळतात. साखळीत प्रत्येक संघाचे सामने 23, म्हणजे सरासरी सामन्यामागे जवळजवळ दोन. कागदावर हे सोपं दिसतं, पण या पदकाची सुरुवात 1924 ची आहे आणि शंभर वर्षांत, ती दोन वर्षं सोडून, चाळिशीला कोणी शिवलं नव्हतं.

आता तुमचा मुद्दा. 2022 मध्ये कार्लटन नववं. शेवटचा सामना कॉलिंगवुडकडून एका गुणाने गेला आणि बाद फेरीत जाणाऱ्या पहिल्या आठातली जागा टक्केवारीवर (केलेल्या आणि दिलेल्या गुणांचं प्रमाण) हुकली. 2024 मध्ये आठवं, तेही दुसऱ्यांच्या कृपेने. शेवटचा साखळी सामना सेंट किल्डाने हिसकावून नेला, मग फ्रीमॅंटल हरलं म्हणून आपली वर्णी लागली. एलिमिनेशन फायनलला (हरलात की बाहेर) गॅबावर, म्हणजे ब्रिस्बेनच्याच मैदानावर, ब्रिस्बेनने 28 गुणांनी घरी पाठवलं. गंमत म्हणजे त्याच गॅबावर मार्चमध्ये याच ब्रिस्बेनविरुद्ध 46 गुणांनी मागे पडून आपण एका गुणाने जिंकलो होतो. मधल्या वर्षी, 2023 ला, सलग नऊ सामने जिंकत कार्लटन प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत गेलं, 2000 नंतर पहिल्यांदाच. आणि त्या वर्षीचं ब्राउनलो कोणाला? लॅची नीलला.

म्हणजे पदकाच्या दोन्ही वर्षी संघ अडखळला आणि पदक नसलेल्या वर्षी संघ पुढे गेला. यावरून भाऊसाहेबांनी जो निष्कर्ष काढला तो मला मान्य नाही. 2024 मध्ये दुसरा आलेला निक डेकॉस, कॉलिंगवुडचा. त्याला 38 मतं पडली, म्हणजे जुना विक्रम त्यानेही मोडला, तरी दुसराच. त्याचा संघ नववा. मतांत पहिला आणि दुसरा, दोघांचे संघ आठवा आणि नववा! हा काही एकट्या क्रिप्सचा दोष नाही, हे पदकच तसं आहे. मतं देतात मैदानावरचे पंच. ते बॉलच्या आसपास पळतात, आणि बॉलच्या आसपास असतात मिडफिल्डर. फुलबॅकला दिवसभर समोरच्या फॉरवर्डला चिकटून त्याला बॉलला हात लावू द्यायचा नसतो. कार्लटनचा जेकब वेटरिंग ते करतो, पण जे घडलंच नाही त्याला मत कोण देणार?

मग क्रिप्सची किंमत कशी मोजायची? आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. क्लबने क्लबला पैसे मोजून खेळाडू न्यायचा, असंही नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधली (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायची पद्धत) निवड. संघाच्या पगारावरही मर्यादा. त्यामुळे "इतके कोटी" असं उत्तर मिळणार नाही. मी मोजतो ते मध्यभागी बॉल खेळात येतो तेव्हा.

क्वार्टर सुरू होताना आणि प्रत्येक गोलनंतर पंच मध्यभागी बॉल वर फेकतो (2025 पर्यंत जमिनीवर आपटायचा). त्या चौकोनात दोन्हीकडचे चार-चारच जण असू शकतात. दोन उंच रकमन उडी मारतात, बॉल खाली पडतो आणि त्यावर सहा मिडफिल्डर तुटून पडतात. इथे क्रिप्स वेगळा दिसतो. तो 195 सेंटिमीटर, नीलसारखा अव्वल मिडफिल्डर 177. एवढा उंच माणूस लाथा-गुडघ्यांच्या त्या गर्दीत वाकून जमिनीवरचा बॉल उचलतो हेच नवल. उचलला की दोघं कमरेला मिठी मारतात. बॉल हातात असताना सापडलात आणि सोडायची संधी असूनही सोडला नाहीत, तर फ्री किक समोरच्याला. फेकायलाही परवानगी नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारायचा. क्रिप्स मिठी बसायच्या आधीच दोन्ही हात गर्दीच्या वर काढतो. कबड्डीत पकडलेला चढाईपटू जसा एक हात मध्यरेषेकडे जिवंत ठेवतो, अगदी तसं. पाय अडकलेले, कंबर अडकलेली, आणि वरून बॉल बाहेर पळणाऱ्या गड्याकडे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. टीव्हीवर कॅमेरा तोवर पळणाऱ्याच्या मागे गेलेला असतो.

सामन्यात असे प्रसंग वीस-पंचवीस सहज येतात आणि थ्रो-इन (बाहेर गेलेला बॉल आत फेकणं), बॉल-अप (मैदानात इतरत्र बॉल वर उडवणं) वेगळेच. त्यातले चार-पाच जरी क्रिप्समुळे आपल्याकडे वळले, तरी एवढ्या अटीतटीच्या लीगमध्ये तोच निकाल. पण त्याचं काम तिथे संपतं. पुढे तो बॉल कोणी कुठे मारायचा, फॉरवर्डने झेलायचा की नाही, आणि उलटा आला तर मागे कोण, हे त्याच्या हातात नाही. 2018 आठवा. कार्लटन वर्षभरात फक्त दोन सामने जिंकलं, तळाला होतं, आणि तरी क्रिप्स लीगमधल्या मोठ्या मिडफिल्डर्सच्या पंगतीत. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी खेळाडूंनीच मतं देऊन त्याला लीगचा सर्वोत्तम ठरवलं. हे मत मी ब्राउनलोपेक्षा वजनदार मानतो, कारण देणाऱ्यांनी त्याचे कोपरे स्वतःच्या बरगड्यांवर झेललेले असतात.

माझी तक्रार आहे ती क्रिप्सबद्दल नाही, कार्लटनबद्दल आहे. एक माणूस गर्दीत शिरून बॉल काढून देतो म्हटल्यावर बाकीचे बाहेर वाट बघत उभे राहायला शिकतात. तेव्हाचे दोन मोठे फॉरवर्ड, कर्नो आणि मॅके, यांच्याकडे उंच बॉल मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, हा प्लॅन चांगल्या संघांनी केव्हाच ओळखला होता. 2024 च्या उत्तरार्धात दुखापती आल्या हे खरं. पण सगळ्याच संघांत येतात, ब्रिस्बेनमध्येही आल्या होत्या, आणि त्या वर्षी चषक त्यांनीच नेला.

कार्लटनने शेवटचा चषक जिंकला तो 1995 मध्ये, क्रिप्सच्या जन्माच्या वर्षी. हा योगायोग इथे दरवर्षी कोणीतरी नवीन सापडल्यासारखा सांगतो, म्हणून मीही सांगून टाकला. चषकाशिवाय तो निवृत्त झाला तर त्याचा मोठेपणा कमी होईल का, असं भावाने पुढे विचारलंच. मी म्हटलं, कार्लटनचा होईल. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "मग पुढच्या सामन्यात काय बघू ते तरी सांग."

गडद निळी जर्सी, नंबर 9. मध्यभागी बॉल वर गेला की उडणाऱ्या रकमनकडे बघू नकोस, खालच्या ढिगात बघ.