तुम्ही विचारलंत म्हणून: भिक्षूंचा फोटो कुठे आहे?

लुआंग प्राबांगहून आल्यापासून माझ्या मोबाइलमधले फोटो बघणारा प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, "आणि ते पहाटे भगव्या वस्त्रातले भिक्षू रांगेने जातात ना, त्यांचा फोटो?" नाही. धबधब्याचे चाळीस आहेत, मेकाँगवरच्या सूर्यास्ताचे मोजलेले नाहीत, शिएंग थाँग विहारातल्या एका मांजराचे सात आहेत. भिक्षूंचा एकही नाही. दर वेळी "राहून गेला" म्हणून वेळ मारून नेते. खरं तर तो राहून गेलेला नाही.

आधी गावाबद्दल. लाओसच्या उत्तरेला मेकाँग आणि नाम खान या नद्या मिळतात, त्यांच्या मधल्या जिभेसारख्या चिंचोळ्या जमिनीवर हे गाव वसलंय. आपण अशा संगमावर घाट बांधले असते, त्यांनी विहार बांधले. एकाची भिंत संपते न संपते तोच दुसऱ्याचं उतरतं छप्पर दिसायला लागतं. फा न्गुम राजाने 1353 साली लान सांगचं, म्हणजे 'दहा लाख हत्तीं'चं राज्य उभं केलं, त्याची ही राजधानी. 1560 मध्ये राजधानी व्हिएन्तियानला हलली, 1975 मध्ये राजेपणही संपलं आणि राजवाड्याचं संग्रहालय झालं. ज्या प्रा बांग बुद्धमूर्तीवरून गावाला नाव मिळालं, ती जेमतेम 83 सेंटिमीटर उंच आहे. एप्रिलमधल्या नववर्षाला तिला वाड्यातून शेजारच्या विहारात नेतात आणि सगळं गाव तिला स्नान घालतं.

इथे रामायणही आहे बरं का. शिएंग थाँगच्या आवारात राजाचा अंत्यरथ ठेवलाय, त्या दालनाच्या दर्शनी भिंतीवर त्याचे प्रसंग सोनेरी नक्षीत कोरलेत. पण त्यांच्या रामायणाचं नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. लक्ष्मण आधी, राम नंतर! माझ्या धाकट्या दिराला हे सांगितलं, तर तो तिकिटांची चौकशी करायला लागला.

आता तो फोटो. पहिल्या पहाटे साडेपाचला मी मुख्य रस्त्यावर पोचले, मोबाइल हातात तयारच होता. रस्त्याकडेला प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली, चिकट भाताच्या टोपल्या पर्यटकांच्या हातात कोंबणाऱ्या विक्रेत्या. अंतर ठेवा, फ्लॅश वापरू नका, असे फलक जागोजागी. तेवढ्यात भिक्षेला निघालेल्या भिक्षूंची रांग आली. वडीलधारे भिक्षू पुढे, लहान श्रामणेर, म्हणजे अजून भिक्षू न झालेली शिकाऊ मुलं, शेवटी, सगळे अनवाणी. एक माणूस सरळ रांगेच्या आडवा गेला आणि त्याने एका दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर फ्लॅश मारला. पोराने मान वर केली नाही. पात्राचं झाकण उघडलं, भात घेतला, पुढे गेला.

मला आजोबा आठवले. पुण्यात शिकताना त्यांनी पाच घरी माधुकरी मागून दिवस काढले. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "एका घरची बाई तोंडाकडे न बघता वाढायची. ते घर मला सगळ्यांत आवडायचं." मोबाइल पर्समध्ये गेला तो गेलाच. रस्ता ओलांडून मी समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले.

आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंना हे कसं कळलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच दार वाजवलं. माझ्या डाव्या खांद्यावर एक ओढणी घातली, चपला काढायला लावल्या आणि गल्लीत आपल्या शेजारी चटईवर बसवलं. त्यांनी बोलावलं म्हणून बसले. मी होऊन चटई पसरली नसती. भात त्यांनी स्वतः वाफवलेला, अजून चटके देणारा. प्रत्येक पात्रात चिमूटभर घालायचा. सोपं वाटतं, पण भात बोटांना चिकटतो आणि रांग कुणासाठी थांबत नाही. पंगतीत पहिल्यांदा वाढायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी माझी तारांबळ उडाली, दोन पात्रं तशीच पुढे गेली. बाई गालात हसल्या.

रांगेच्या टोकाला गल्लीतली काही गरीब पोरं टोपल्या घेऊन बसली होती. भिक्षूंनी आपल्या पात्रातला भात काढून त्यांच्या टोपल्यांत टाकला. सगळे गेल्यावर बाईंनी छोट्या भांड्यातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं, ओठ हलत होते. गेलेल्या माणसांना पुण्य पोचावं म्हणून. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडे तर्पण करतातच की.

बाकीचं थोडक्यात. क्वांग सीचा धबधबा गावापासून तीसेक किलोमीटरवर आहे. चुनखडीमुळे त्याच्या कुंडांचं पाणी निळसर हिरवं दिसतं, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. वाटेत शिकाऱ्यांच्या आणि तस्करांच्या तावडीतून सोडवलेली काळी अस्वलं बघायला मिळतात. नाम खानवरचा बांबूचा पूल पावसाळ्यात टिकत नाही, दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. डिसेंबर 2021 पासून व्हिएन्तियानहून रेल्वे आहे, दोनेक तासांत पोचवते. शाकाहारी असाल तर जपून, माशाचं पाणी कशातही असतं. मेकाँगमधल्या शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले कुरकुरीत पापड मिळतात, ते जरूर खा, पण सोबतच्या लाल चटणीत म्हशीच्या कातड्याचे तुकडे असतात. मला हे अर्धी वाटी संपल्यावर कळलं.

आणि फोटो हवाच असेल तर त्या सकाळचा एक आहे. चटईवर कलंडलेली रिकामी भाताची टोपली. बघणारे तो न थांबता पुढे सरकवतात.