लॅपटॉपच्या बॅटरीतली सेल आणि धुराची नळी

लातूरच्या ट्यूशन एरियात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान म्हणजे फुटलेले डिस्प्ले, बादलीत पडलेले फोन आणि "घरी फोन आला तर सांगू नका काका" एवढाच कारभार. पोरं परभणी-हिंगोलीकडून नीटच्या तयारीला आलेली. त्यातल्या एकानं काउंटरवर वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, दोन यंत्रं ठेवली, तेव्हा मी आधी बाहेर बघितलं. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, जाहिरात करणं बंद आहे, आणि साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. गुटखा तर महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे, आणि समोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकलेल्याच असतात, ते सोडा.

"काका, ह्या बारक्यातून करपल्यावानी वास येलालाय. आन् ही नळी ओढली की गरगरतंय, मळमळतंय. कनेक्शन बघा की जरा. नवी कॉईल कोणती घेऊ, लिक्विड कोणतं घेऊ, तेबी सांगा. दादा म्हणला आंब्याचं घे."

कॉईल म्हणजे लिक्विड तापवून धूर काढणारी तार. दादा म्हणजे हॉस्टेलवरचा विकणारा. त्याला आंबा, पुदिना, ब्लूबेरी एवढंच ठाऊक. बाटलीवरचे आकडे त्यानं कधी वाचलेत असं वाटलं नाही.

मी वाचले. एकीवर 70/30 आणि निकोटिन 3 मिलिग्रॅम. 70/30 म्हणजे 70 टक्के ग्लिसरीन, बाकीचं प्रॉपिलिन ग्लायकॉल. ग्लिसरीन घट्ट, ग्लायकॉल पातळ. दुसरीवर निकोटिन सॉल्ट, 50 मिलिग्रॅम, म्हणजे दर मिलिलिटरला 50. युरोपात 20 च्या वर विकता येत नाही. त्या 30 मिलीच्या बाटलीत दीड हजार मिलिग्रॅम निकोटिन होतं, आणि ती पोराच्या खिशात चाव्यांबरोबर.

पोरानं काय केलं होतं, तर घट्ट लिक्विड बारक्या पॉडमध्ये, म्हणजे त्या छोट्या यंत्रात भरलं आणि जहाल लिक्विड मोठ्या नळीत. पॉडच्या कॉईलमध्ये लिक्विड शोषणारा कापूस असतो, आणि त्याच्यापर्यंत जायला बारीक भोकं असतात. घट्ट द्रव त्यातून वेळेवर पोचत नाही, कापूस कोरडा पडतो आणि तार तो जाळते. वर तापलेल्या ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलिन निघतं. कढईत तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबतं ना, तेच ते. मोठ्या नळीचं उलटं. ती एका दमात भरपूर धूर काढते, म्हणून तिच्यात लोक 3 किंवा 6 मिलिग्रॅमचं भरतात. 50 चं सॉल्ट एक ओहमच्या आसपासच्या, दहा-पंधरा वॅटच्या पॉडसाठी असतं. ते नळीत भरल्यावर गरगरणारच. कनेक्शन दोन्हींचं ठीक होतं.

इथपर्यंत मला जरा मजाच वाटत होती. मग नळी उघडली.

आत सर्किट नाही. सेल, बटण, कॉईल, बस्स. ह्याला मेकॅनिकल म्हणतात. शॉर्ट झालं तर तोडणारं काही नाही, व्होल्टेज पडलं तर थांबवणारं काही नाही. सेल होती 18650, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब लिथियमची, आणि तिच्या टोकाला निकेलच्या पट्टीचे स्पॉट वेल्डिंगचे टिपके. ते बघितल्यावर मला विचारायची गरज उरली नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधनं ओरबाडून काढलेली. मीसुद्धा त्या काढतो, तपासून टॉर्चला घालतो, म्हणून ओळखू येतात. वरचं प्लॅस्टिक पॉझिटिव्हच्या कडेला फाटलेलं. लोकांना माहीत नसतं, पण ह्या सेलचं अख्खं पोलादी अंग निगेटिव्ह असतं, वरच्या कडेसकट. पॉझिटिव्ह फक्त मधली टोपी. मध्ये बार्ली पेपरची, म्हणजे वीज अडवणाऱ्या कागदाची चकती आणि ते फाटलेलं प्लॅस्टिक, एवढाच आडोसा.

कॉईल मोजली. इतका कमी ओहम साध्या मल्टिमीटरनं मोजू नये, त्याच्या वायरीच तेवढा रोध दाखवतात. डीसी सप्लायवरून एक अँपिअर सोडायचा आणि कॉईलच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं. 0.15 आलं. म्हणजे 0.15 ओहम. भरलेली सेल 4.2 व्होल्टची. भागाकार पोरालाच करायला लावला. फिजिक्सचा क्लास लावलाय म्हणे.

"28," तो म्हणाला.

28 अँपिअर. प्रत्यक्षात सेल दबते, थोडा कमी निघेल. पण त्या जातीच्या लॅपटॉप सेलला चार-पाच अँपिअरच्या वर ओढू नये. बाजारात जांभळ्या वेष्टनाच्या, 9900 एमएएच लिहिलेल्या सेल मिळतात, त्या तर निव्वळ फसवणूक. 18650 मध्ये त्याच्या निम्मंसुद्धा बसत नाही. काट्यावर ठेवा, खरी 45 ग्रॅमच्या आगेमागे भरते. त्यातल्या बऱ्याच 30 च्या घरात.

2019 च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या भागात वेपचं यंत्र फुटून 24 वर्षांचा पोरगा गेला, तुकडा मानेच्या धमनीत घुसला. ते मी सांगितलं. सेल त्याच्यासमोर काढून दोन्ही टोकांना टेप लावली आणि ठेवून घेतली. नळी, पॉड, बाटल्या परत दिल्या, कारण ते माझ्या दुकानात मला नको होतं. ओढू नको असंही म्हणालो. त्यानं मान हलवली, ह्या वयात सगळेच हलवतात. त्याचा बाप सोयाबीन विकून फी भरतो, ते त्यानंच मागं फोन दुरुस्तीचे पैसे उधार ठेवताना सांगितलं होतं. दादाचा नंबर मात्र सांगितला नाही.

त्यानंतर पोरं यायला लागली. वेगळी पोरं. "काका, 0.15 ला कोणती सेल चालंल?" "काका, 50 चं कशात भरायचं?" हॉस्टेलवर माझं नाव झालंय, की काका आकडे सांगतात. सांगितलं नाही तर दादा सांगणार, आणि दादाला आंबा सोडून काही येत नाही. सांगितलं तर बंदी असलेल्या धंद्याचा फुकटचा सल्लागार मी. बायको म्हणते, शटर ओढून घ्या आणि गप डिस्प्ले बदला. आता सुटी सेल मागायला कुणी आलं की मी टॉर्च आणून दाखवायला सांगतो. परवा एक पोरगा खरंच टॉर्च घेऊन आला. नवी कोरी, चिठ्ठीही न काढलेली. त्याला काय द्यायचं, हे ठरवेपर्यंत मी त्याला उद्या ये म्हणालोय.