व्रानेत्स नुसती पिऊ नका: उत्तर मॅसेडोनियाच्या तिक्वेश भागातली वाइन आणि जेवण

वाइनसाठी उत्तर मॅसेडोनियाला जाणार असाल तर राजधानी स्कोप्येत फार रेंगाळू नका, सरळ दक्षिणेला तिक्वेश गाठा. वार्दार नदीच्या खोऱ्यातल्या या भागात कावादार्त्सी, नेगोतिनो आणि देमिर कापिया ही तीन ठिकाणं महत्त्वाची. स्कोप्येहून महामार्गाने साधारण शंभर किलोमीटर. उन्हाळा कडक, पाऊस बेताचा, त्यामुळे द्राक्षं भरपूर साखर धरतात आणि रेड वाइन अंगाने भारदस्त होते. आपल्या नाशिककडे द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते. तिथे मुख्य हंगाम सप्टेंबरचा. त्याच महिन्यात कावादार्त्सीत ‘ग्रोझ्दोबेर’ हा द्राक्षोत्सव भरतो, तेव्हा मुक्काम आधीच पक्का करा.

तिथली राणी म्हणजे व्रानेत्स, काळ्या द्राक्षांची जात आणि तिचीच रेड वाइन. पेल्यातून पलीकडचं काही दिसत नाही इतका गडद जांभळा रंग. पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्यासारख्या होतात, दातांवर रंग चढतो. टेस्टिंगच्या टेबलावर एकापाठोपाठ एक तीन-चार व्रानेत्स चाखल्या की जीभ थकते, आणि बरेच जण तिथेच ‘फार तुरट बुवा’ म्हणून मोकळे होतात. हा तिच्यावर अन्याय आहे. आमच्यासमोर भाजलेलं कोकराचं मांस आलं. चरबीचा एक तुकडा खाऊन त्यावर तोच पेला पुन्हा ओठाला लावला, तर मघाचा तुरटपणा पार निवळलेला आणि आतून पिकलेल्या काळ्या चेरीची चव वर आलेली. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतल्या तुरट घटकाला, धरून ठेवतात, म्हणून हा फरक पडतो. मांस खात नसाल तर मुरलेलं काश्कावाल चीज मागा, तेही हेच काम करतं. एक पथ्य मात्र पाळा: तिखट मिरची आणि व्रानेत्स एकत्र नको, टॅनिनमुळे तिखट आणखी झोंबतं.

माझं मन मात्र स्तानुशिनाने जिंकलं. ही द्राक्षांची अस्सल स्थानिक जात. रंग फिका, अंग हलकं, छोट्या लाल फळांचा वास. जुन्या काळी हिची लागवड बरीच होती, पुढे व्रानेत्सने तिला मागे सारलं. देमिर कापियातल्या पोपोवा कुला वायनरीत तिची रोझे (गुलाबी वाइन) आणि रेड दोन्ही मिळतात, राहायची सोयही आहे. तिच्याबरोबर तावचे ग्रावचे घ्या: मातीच्या पसरट भांड्यात कांदा आणि लाल मिरचीपूड घालून भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा. वर खरपूस साय धरलेली, कडेला रस्सा अजून खदखदतोय. तिथे व्रानेत्स दादागिरी करते, स्तानुशिना घेवड्याला बोलू देते.

जेवणाची सुरुवात तिथे शोप्स्का सॅलड आणि राकियाने होते. राकिया म्हणजे फळांपासून गाळलेली दारू, ती कडक असते. पुढे वाइन चाखायची असेल तर एकच घोट पुरे. सॅलडमधला टोमॅटो आणि खारं सिरेने चीज यांच्यासोबत स्मेदेरेव्का ही आंबटसर, हलकी पांढरी वाइन उत्तम जाते. थोडा सोडा घालून ‘श्प्रित्सेर’ करून पितात, दुपारच्या उन्हात तेच बरं. तेम्यानिका ही मस्कत नावाच्या द्राक्षकुळातली सुगंधी पांढरी वाइन. आयव्हारबरोबर मला तीच आवडली. आयव्हार म्हणजे भाजलेल्या लाल ढब्बू मिरच्यांचं जवळजवळ भरीतच, आणि शरद ऋतूत गावोगावी त्याचा खमंग धूर दरवळत असतो.

शाकाहारींनी ‘पोस्नो’ हा शब्द पाठ करावा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं हे जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मासे मात्र काही वेळा चालतात, म्हणून तेवढं विचारून घ्या. तावचे ग्रावचेमध्येही कधी सॉसेज घालतात, ऑर्डर देतानाच सांगा.

वायनरीत आयत्या वेळी जाऊन टेस्टिंग मिळेलच असं नाही. आधी ईमेल करा आणि चीजच्या ताटलीऐवजी पूर्ण जेवण मिळतं का ते विचारा. खरी मजा त्यातच आहे. कावादार्त्सीतली तिक्वेश वायनरी १८८५ पासूनची आणि अवाढव्य आहे. ग्रादस्कोजवळच्या स्तोबी वायनरीला जाताना शेजारचे प्राचीन स्तोबीचे अवशेष चुकवू नका. तिथल्या मोझेइकमधला मोर देशाच्या १० देनारच्या नोटेवर आहे. दिवसाला दोन वायनरी पुष्कळ झाल्या, त्याहून जास्त केल्या तर चव कळेनाशी होते.

रेल्वे देमिर कापियातून जाते, पण गाड्या मोजक्या. चालकासह गाडी ठरवणं सगळ्यात सोयीचं, म्हणजे पिऊन गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही. छोट्या गावांत देनार रोख ठेवा, एका युरोला साधारण ६१ मिळतात.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. मी एक स्तानुशिना आणि एक तेम्यानिका आणली. व्रानेत्स इतर देशांतही सापडते, स्तानुशिना शोधून सापडत नाही.